हार्ड डिस्कची हळद

माझ्या सासूबाईंचा आवाज आमच्या कपाटात, टॉवेलांच्या घड्यांखाली, एका लोकरी मोज्यात ठेवलेला असतो. मोजा माझाच. जोडीतला दुसरा हरवला आणि उरलेल्याला आता काय काम द्यावं या विचारात मी असतानाच घरात हार्ड डिस्क आली. दोघांची मापं जुळली.

सासूबाई मोऱ्याच्या, बंदरावरच्या कोळीवाड्यातल्या. पंचक्रोशीत त्यांना धवलारीण म्हणून ओळखतात. आमच्या पुण्याकडे लग्नात भटजी जे काम मंत्रांनी करतात ते तिकडे धवलारीण गाऊन करते. मांडव, हळद, पाणी, प्रत्येक विधीचा वेगळा धवला, आणि तो म्हटल्याशिवाय कुणी पुढचं काही करत नाही. हे धवले कुठे लिहिलेले नाहीत. सासूबाईंना ते त्यांच्या सासूकडून कानोकान मिळाले आणि तिथेच थांबले, कारण त्यांना मुलगी एकच, आणि तिने बँकेत नोकरी धरली आणि पुण्याचा नवरा केला. तो मी.

पाचेक वर्षांपूर्वी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या नवीन पनवेलला आमच्याकडे पंधरा दिवस राहिल्या. काळा चष्मा लावून नुसत्या बसून त्या कंटाळल्या होत्या आणि मला नुकताच कॅमेरा मिळाला होता, तोही उसना. मी ठरवलं की सगळे धवले रेकॉर्ड करायचे. तीन दुपारी आम्ही हॉलमध्ये हा कार्यक्रम केला. आपण फार मोठं सांस्कृतिक कार्य करतो आहोत असं एकदा वाटायला लागलं की माणूस कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही. मी ‘ॲक्शन!’ म्हणालो.

सासूबाईंनी काळ्या चष्म्यातून इकडेतिकडे पाहिलं. “कुनाला सांगता?”

मग त्या गायल्या. मी ते सगळं लॅपटॉपवर घेतलं, लॅपटॉपवरून हार्ड डिस्कवर घेतलं, लॅपटॉपवरचं पुसून टाकलं, डिस्क मोज्यात घातली आणि मोजा कपाटात. वर्षातून एकदा, दसऱ्याला, डिस्क बाहेर यायची. स्कूटर, मिक्सर, बायकोचं शिवणयंत्र आणि लॅपटॉप यांच्या रांगेत तिलाही पाटावर बसवून मी साग्रसंगीत पूजा करायचो. या बाबतीत माझ्याइतका काटेकोर माणूस आमच्या सोसायटीत नाही. म्हणजे तेव्हापर्यंत तरी मी तसं अभिमानाने सांगत असे.

यंदा तुळशीचं लग्न झालं आणि माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं ते जवळ आलं. हळद शनिवारी, मोऱ्यालाच. सोमवारी संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. एरवी त्या लेकीला फोन करतात. हा थेट मला होता.

“जावय, तो माजा आवाज ठेवलाय ना तुमी? हाय ना?”

“आहे की आई! अगदी जपून ठेवलाय.”

“मना आयकायचा हाय.”

गोष्ट अशी होती, की पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला होता. दवाखान्यात दोन आठवडे काढून त्या घरी आल्या, खायला-प्यायला, भांडायला पूर्वीसारख्या झाल्या. पण हळदीच्या चौथ्या धवल्यातला मधला एक टप्पा त्यांच्या डोक्यातून निघून गेला तो परत आला नाही. तिथपर्यंत यायच्या आणि समोर नुसती भिंत. मेहुणा म्हणाला, “आई, राहू दे ना. डीजे सांगितलाय, तो लावेल काहीतरी.” हे ऐकून सासूबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. अख्ख्या गावाच्या पोरींना हळद लावून दिलेली बाई स्वतःच्या नातीच्या हळदीला खुर्चीवर बसून डीजे ऐकणार? दुसऱ्या कुणाला तो टप्पा येत नव्हता. तो फक्त माझ्या मोज्यात होता.

बुधवारी सकाळी त्या सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आमच्याकडे हजर झाल्या. मी रजा टाकली होती. बायको बँकेत जाताना दारातून म्हणाली, “अहो, नुसतं लावून द्या हं. डोकं चालवू नका.” वीस वर्षांच्या संसारात ही सूचना मला अनेकदा मिळाली आहे.

मी डिस्क मोज्यातून काढली, लॅपटॉपला जोडली. सासूबाई सोफ्यावर पदर सारखा करून, कुणी पाहुणा यायचा असावा तशा बसल्या. आधी मला ती फाइल शोधायची होती आणि इथे माझे जुने उद्योग आडवे आले. डिस्कवर ‘सगळं’ नावाचा एक फोल्डर होता. त्याच्या आत ‘सगळं नवीन’. त्याच्या आत ‘जुनं सगळं’. आणि त्याच्या आत, मी शपथेवर सांगतो, पुन्हा ‘सगळं’. प्रत्येक फोल्डर उघडताना पडद्यावरची हिरवी रेघ डावीकडून निघायची आणि मध्येच कुठेतरी टेकायची.

“आले का मी?” सासूबाईंनी विचारलं.

“अजून नाही, आई.”

पाऊण तासाने एकदाचा तो फोल्डर सापडला. मी फाइल लावली. पडद्यावर सासूबाई आल्या, काळा चष्मा, मागे आमचं जुनं कॅलेंडर. त्यांनी गाण्यासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आम्ही दोघं वाट बघत राहिलो.

“ही काय दातवाल्याकडं बसलेय काय मी?”

“डिस्क जरा हळू चाललीय.”

“हळू? यवड्यात लाँच मोऱ्यावरून भाऊच्या धक्क्याला जाऊन परत आली आसती. मानसं उतरवून.”

मी म्हटलं, असं नको. आधी सगळं लॅपटॉपवर कॉपी करून घेऊ, मग फटाफट चालेल. कॉपी लावली. लॅपटॉपने विचार केला आणि लिहिलं: शिल्लक वेळ दोन दिवस. मग त्याला स्वतःलाच ते पटलं नसावं, त्याने पाच तास केले. मग तीन दिवस. आणि थोड्या वेळाने ‘टुंग’ असा आवाज करून डिस्कच पडद्यावरून गायब झाली. काढून परत जोडली, परत पहिल्यापासून सुरुवात, परत टुंग.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. आलेल्या मालाच्या नमुन्यात काही कचरा, काही परका कण आहे का, हे दिवसभर भिंगातून बघायचं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा दोष शोधणं हे माझं क्षेत्र आहे अशी माझी समजूत. मी बाह्या वर केल्या.

पहिल्यांदा लॅपटॉप बंद करून चालू केला, तीनदा. मग डिस्कला उकडत असेल म्हणून तिच्यावर टेबलफॅन सोडला. मग इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की डिस्क उभी ठेवावी, म्हणून ती ताटाळ्यात दोन ताटल्यांच्या मधे उभी केली आणि लॅपटॉप ओट्यावर आणला. मग व्हायरस असेल म्हणून तपासणी लावली. ती चालू असतानाच डिस्कमधल्या विखुरलेल्या फाइली ओळीने लावून देणारं एक काम असतं तेही लावलं. आणि कॉपी चालूच होती. एकाच रुग्णाला एकाच वेळी एनिमा, मालिश आणि भाषण, तिन्ही.

“आता थांबलीच की वो,” सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

चार वाजेपर्यंत मी हतबल झालो होतो. तेव्हा एका ठिकाणी वाचलं की डिस्कमधून टिक टिक असा आवाज येत असेल तर ती शेवटच्या घटका मोजते आहे असं समजावं आणि तिला त्रास देऊ नये. मी डिस्क उचलून कानाला लावली. टिक, टिक, टिक. अगदी स्पष्ट. सासूबाईंना काही न सांगता मी गॅलरीत गेलो आणि बायकोला फोन केला. “गेली,” म्हटलं.

“कोण?” ती ओरडली. “आई?”

“नाही गं, डिस्क. पण एका अर्थी… तसंच.”

त्यानंतर तिने मला जे ऐकवलं ते इथे देत नाही. संध्याकाळी ती घरी आली, चपला काढायच्या आत म्हणाली, “आणा इकडे.” कानाला लावली. “मला तर काही ऐकू येत नाही.”

“असं काय, मला स्पष्ट…” मी डिस्क घेऊन पुन्हा कानाला लावली. टिक, टिक.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. “मनगटावरचं घड्याळ काढा.”

काढलं. डिस्क गप्प झाली. सासूबाई पदरात तोंड घालून हसत होत्या, पण हसणं थांबल्यावर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या जावय. नशिबात नसंल. डीजे तर डीजे.” त्यांनी बोंबलांची पिशवी उचलून स्वयंपाकघरात नीट लावायला घेतली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा तिचं ओरडणं बरं होतं.

गुरुवारी सकाळी मी डिस्क मोज्यात घातली आणि जुन्या पनवेलच्या बाजारात निघालो. सासूबाई आधीच चपला घालून दारात. “माजा आवाज हाय. मी येनार.” रिक्षात त्यांनी मोजा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून बसल्या.

बाजारात मसाल्याच्या दुकानाशेजारी एका जिन्याखाली एका चाचांचं दुकान आहे. मिक्सर, टेपरेकॉर्डर, मोबाइल, कॉम्प्युटर, काहीही आणा. दाढी पांढरी, चष्मा दोरीने गळ्यात. मी डिस्क समोर ठेवली आणि आदल्या दिवशी केलेले सगळे उपचार सांगितले. जरा अभिमानानेच सांगितले.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे सगळे डॉक्टर करून झाल्यावर माझ्याकडे आणलीत. कपूनसुद्धा आणलं का?”

“कपून?”

“कफन हो. ह्या मोज्याकडे बघून वाटलं.”

त्यांनी नवी वायर लावून बघितली. हळूच. दुसरी लावली. तसंच. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि डिस्कच्या ज्या खाचेत वायर जाते त्या खाचेत बघत राहिले. बराच वेळ. मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

“साहेब, एक खरं सांगा. ह्या जनाबांचं लग्न कधी झालं?”

“काय?”

“ह्याच्या तोंडात हळद आहे. कुंकू आहे. आणि हा…” त्यांनी चिमट्याने काहीतरी बाहेर काढलं, “तांदूळ आहे.”

आता खरं सांगायची वेळ आली. दसऱ्याला वाहनाच्या पुढच्या बाजूला हळदकुंकू लावतात. स्कूटरची पुढची बाजू कोणती ते कुणालाही कळतं. मिक्सरचीही कळते, बटणाची. पण हार्ड डिस्कची पुढची बाजू कोणती? पहिल्या दसऱ्याला मी पाटासमोर बसून यावर खोल विचार केला होता, आणि जिथून ती खाते ते तोंड, तोंड ती पुढची बाजू, असा निष्कर्ष काढला होता. मग तिथे, पुसून जाऊ नये म्हणून ओलं हळदकुंकू, बोटाने नीट दाबून. वर अक्षता. पाच दसरे.

मी हे सगळं चाचांना सांगत असताना माझा आवाज बारीक होत गेला.

“हे बघा,” चाचा म्हणाले, आणि खाच माझ्यापुढे धरली. “तोंडाचे दोन भाग आहेत. हा मोठा जुना, हा बाजूचा छोटा नवा. सगळी तेजी ह्या छोट्यातून. तो तुम्ही भरून टाकला. म्हणजे एक्स्प्रेसवे बंद. मग बिचारी जुन्या हायवेने निघाली, प्रत्येक टपरीला थांबत. तिथेही कुठे कुठे तुमचं कुंकू सांडलेलं, त्यामुळे मधेच गाडी बंद पडते.” ते थांबले. “काम काय करता साहेब?”

मी कारखान्यात नमुने तपासतो, कचरा शोधतो, हे सांगण्याचा तो क्षण नव्हता. “नोकरी,” म्हणालो.

एवढा वेळ सासूबाई स्टुलावर बसून ऐकत होत्या. आता त्या हसायला लागल्या ते मसाल्याच्या दुकानातली माणसं वाकून बघायला लागली. “आगं बाय! ह्याला हळद लागलीय! आनि तुमी त्याला सांगताव, चल भायेर. हळद लागल्यावर कोनी घराभायेर पडतो काय? त्यो बरोबर हाय. तुमीच येडे.”

“बिलकुल,” चाचा म्हणाले. “रीतीने वागला बिचारा.”

दातांच्या जुन्या ब्रशने, टाचणीने आणि स्पिरिटच्या थेंबांनी त्यांनी अर्धा तास ते तोंड धुतलं. पांढऱ्या चिंधीवर पिवळ्या-लाल चिखलाचे डाग वाढत गेले. मग वाळवून, नवी वायर लावून, त्यांनी आपल्या धुळकट कॉम्प्युटरला डिस्क जोडली. फोल्डर उघडला. लगेच उघडला. फाइलींची नावं एका दमात समोर आली: ‘आई १’, ‘आई ठसका’, ‘आई बरोबर’, ‘आई बरोबर नक्की’, ‘आई शेवटचं’, ‘आई शेवटचं खरं’.

चाचांनी चष्मा डोळ्यावर चढवून नावं पुन्हा वाचली.

हळदीचा चौथा धवला ‘आई बरोबर नक्की’मध्ये होता. पडद्यावर सासूबाईंनी तोंड उघडलं आणि या वेळी आवाज आला. चाचांनी शेजारचा रेडिओ बंद केला. सासूबाई स्टुलावरून पुढे सरकल्या. एकेक टप्पा झाला, आणि आता ती भिंत येणार, त्या पलीकडचं ऐकू येणार, इतक्यात रेकॉर्डिंगमध्ये आमच्या घरातला कुकर लांबलचक शिट्टी देऊन ओरडला आणि त्यावर माझा उत्साही आवाज: “कट, कट! आई, परत घेऊ.” त्यावर पडद्यावरच्या सासूबाई: “परत कसा घेनार? नवरीची हळद काय धुवून परत लावायची?” आणि त्या पुढच्या टप्प्यावर गेल्या.

तो मधला टप्पा शिट्टीखाली आणि माझ्या आवाजाखाली होता. बाकी सगळं चकचकीत.

मला जिन्याखालच्या त्या जागेतून आणखी खाली कुठे जाता येईल का असं झालं.

“परत लावा,” सासूबाई म्हणाल्या.

चाचांनी लावलं. शिट्टी. माझं ‘कट कट’. 

“परत.”

तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, पडद्यावरच्या स्वतःच्या बरोबर, एक पाऊल मागे. शिट्टी झाली. आणि शिट्टीवरून, माझ्या बडबडीवरून, स्टुलावरच्या सासूबाईंचा आवाज सरळ पुढे गेला. बसलेला, जाडा, पण न अडखळता. दोन ओळी, तीन, चार, आणि पलीकडे पडद्यावरच्या आवाजाला जाऊन मिळाल्या. धवला संपला तेव्हा दोघी एकदमच थांबल्या.

“कुकर!” त्यांनी डोळे उघडून सांगितलं. “त्यो वाजला तवा मी कुठल्या सबदावर व्हते ते ध्यानात आला. वाल शिजत व्हते त्या दिशी. पाणी कमी पडला व्हता.”

माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं. बहुधा कुंकू.

शनिवारी मोऱ्याला मांडवात डीजेचे खोके चादरीखाली गप्प बसवलेले होते. सासूबाई नातीशेजारी पाटावर बसल्या, मागे सूर धरणाऱ्या बायका, आणि त्या रांगेत, लग्नानंतर पहिल्यांदाच, माझी बायको. मी फोन घेऊन कोपऱ्यात रेकॉर्ड करत होतो. एक शब्द बोललो नाही. पहिला धवला झाला, दुसरा, तिसरा. चौथा सुरू झाला आणि त्या जागी येऊन सासूबाई थांबल्या.

त्यांनी गर्दीतून मला शोधलं, माझ्याकडे रोखून बघितलं, आणि ओठांचा चंबू करून सुरात काढलं: “शूऽऽऽऽ!”

मांडवात कुणाला काही कळलं नाही. बायको मागच्या रांगेत खांदे हलवून हसायला लागली. आणि सासूबाई पुढचा टप्पा घेऊन निघाल्या सुद्धा. म्हणजे या वेळचं रेकॉर्डिंगही शिट्टीसकटच आहे.

हळद लागून झाल्यावर उरलेली वाटी हातात घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी दचकून खिसा धरला. डिस्क मोज्यासकट बरोबर आणली होती. आता तिला कपाटात एकटी ठेवायची हिंमत होत नव्हती.

“ती डबी हाय ना संगती? द्या. तिलाबी लावते. तिच्यामुळं झाला.”

“नको आई!” मी दोन्ही हातांनी खिसा दाबला. “तोंडात जाईल!”

“बरं, नाय लावत.” त्यांनी पाचही बोटं वाटीत बुडवली आणि ती माझ्याच तोंडावर, ओठांपासून हनुवटीपर्यंत, नीट दाबून फिरवली.

“हितं लावते,” त्या म्हणाल्या. “जरा हळू चालंल.”